हयात माणसाची वाटणी

जे. पी. नगर आखलं जात होतं तेव्हा ते बेंगळुरूचं दक्षिण टोक होतं. एचएएल, एचएमटी, आयटीआय, बीईएल अशा सरकारी कारखान्यांत किंवा बँकेत नोकरी करणाऱ्या माणसाने विकास प्राधिकरणाची नाहीतर एखाद्या गृहनिर्माण सोसायटीची ‘थर्टी-फॉर्टी’ची साइट, म्हणजे तीस बाय चाळीस फुटांचा प्लॉट, मिळवायची, हप्ते फेडत राहायचं आणि पन्नाशी आली की तिच्यावर खाली आपण, वर भाडेकरू असं घर बांधायचं. त्या पिढीचा हा सरळ बेत होता. बेळगाव-धारवाडकडून आणि कोल्हापूर-पुण्याकडून आलेल्या मराठी कुटुंबांनीही तोच केला.

त्या घरांचे मालक आता ऐंशीच्या आसपास आहेत. दोघांपैकी एक बहुधा गेलेलं असतं. थोरला अमेरिकेत, मुलगी पुण्यात, धाकटा शहराच्या दुसऱ्या टोकाला व्हाइटफील्डला, म्हणजे वाहतूक धरली तर पुण्याइतकाच लांब. साइट मात्र जागच्या जागी आहे. तिच्याजवळ मेट्रो आली, 2004 साली रंगशंकरा उभं राहिलं, घर पाडून भागीत नवी इमारत बांधायच्या ‘जॉइंट डेव्हलपमेंट’चे कागद घेऊन बिल्डर फाटक वाजवू लागले. आयुष्यभराच्या पगारातून जे साठलं नाही ते त्या बाराशे चौरस फुटांत साठलं.

आणि त्याच घरात आई एक दिवस वरच्या भाडेकरूला भाडं परत द्यायला जाते. महिन्याभराने तीच आई म्हणते की भाडं आलंच नाही. साठी ओलांडलेल्या भारतीयांची देशभर जी मोठी पाहणी झाली आणि जिचे निष्कर्ष 2023 साली छापून आले, तिच्यात डिमेन्शियाचं प्रमाण 7.4 टक्के निघालं, म्हणजे सुमारे 88 लाख माणसं. पुरुषांपेक्षा बायकांत हे प्रमाण जास्त आहे. नवऱ्याच्या मागे घराची मालकी जिच्याकडे येते तीच बहुतेक वेळा या आजाराच्या वाटेवर असते, हा योगायोग फार घरांना महाग पडलेला आहे.

या विषयाची ओळख करून द्यायची ती बहुधा कायद्यापासून केली जाते. मला ती उलट्या टोकाकडून करावीशी वाटते. वारसाहक्काच्या भांडणात विसरभोळ्या माणसाचं नुकसान करायला दुष्ट मुलगा असावाच लागतो असं नाही. एकमेकांवर अविश्वास असलेली बऱ्यापैकी चांगली मुलं पुरतात. प्रत्येकाला वाटतं की दुसरा आईला फूस लावतोय, म्हणून प्रत्येक जण तिच्याकडून आधी काहीतरी लिहून घ्यायला बघतो. एक फोनवर तिचं बोलणं रेकॉर्ड करतो. दुसरी तिला गुपचूप वकिलाकडे नेते. तिसरा म्हणतो, तपासणीच नको, निदान कागदावर आलं तर उद्या तिची सही चालायची नाही. या तिसऱ्याकडे नीट पाहावं. घर हातचं जाऊ नये म्हणून आईचा आजारच लपवला जातो आणि औषधपाण्याची, शुगर-बीपी आवरायची, घरातला गॅस-नळ सुरक्षित करायची पहिली एक-दोन वर्षं निघून जातात. या आजारात तीच वर्षं सगळ्यात मोलाची असतात.

माझा निष्कर्ष असा की अशा घरात संरक्षणाचं पहिलं साधन उघडेपणा आहे. जे सर्व भावंडांच्या माहितीने होतं ते बहुधा आईच्या हिताचं निघतं. जे एकाने दुसऱ्याला न कळवता केलं ते हेतू चांगला असला तरी तिच्याच अंगावर येतं. कायदाही, वेगळ्या भाषेत का होईना, हेच म्हणतो.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगून टाकावी, कारण निम्मी भांडणं तिथेच विरतील. हयात माणसाला वारस नसतो. आईची स्वतःची मिळकत असेल तर ती जिवंत असेतो मुलांचा त्यात कायद्याने कसलाही हिस्सा नाही. उद्या मिळेल ही आशा तेवढी आहे, आणि 1882च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याप्रमाणे ती आशा विकताही येत नाही. वडिलोपार्जित मिळकतीची गोष्ट निराळी. तिथे मुलीही जन्मापासून सहहिस्सेदार आहेत. महाराष्ट्र आणि कर्नाटकाने हे 1994 सालीच आपापल्या कायद्यात आणलं, 2005 साली ते देशभर झालं आणि 2020 साली सर्वोच्च न्यायालयाने उरलेली शंका मिटवली. वडिलांनी पगारातून घेतलेली जे. पी. नगरची साइट मात्र सहसा स्वकष्टार्जित असते. वडील मृत्युपत्र न करता गेले असतील तर त्यांच्या मिळकतीत आई आणि सगळी मुलं सारखी वाटेकरी होतात, आणि आईच्या वाट्याची मालकीण आईच. ‘माझा हिस्सा आत्ता द्या’ हे वाक्य जेव्हा तिच्या वाट्याबद्दल असतं, तेव्हा ते मागणं असतं, हक्क नसतो.

आता तिच्या सहीबद्दल. डिमेन्शियाचं निदान झालं म्हणजे माणूस त्या तारखेपासून कायद्याला मेला, असा समज घरोघरी आहे आणि तो चूक आहे. 2017च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने मानसिक आजाराच्या व्याख्येत स्मृती आणि भान यांचे विकारही धरले, पण त्याच कायद्यात असंही म्हटलं की नुसत्या आजारावरून कोणाला विकल मनाचा ठरवता येणार नाही. ते ठरवायचं सक्षम न्यायालयाने. 1925चा भारतीय उत्तराधिकार कायदा तर एरवी भ्रमिष्ट असलेल्या माणसालाही शुद्धीवर असताना मृत्युपत्र करू देतो. प्रश्न त्या घटकेचा आणि त्या कामाचा असतो. आपलं काय आहे, आपलं कोण आहे, कोणाला काय द्यायचं आणि दिल्याने काय होईल, एवढं त्या वेळी कळत होतं का? रोज सकाळी हे नीट सांगणारी बाई संध्याकाळी स्वतःच्याच घरात ‘मला घरी सोडा’ म्हणत बसते. ल्युई बॉडी प्रकारच्या डिमेन्शियात तर ही भरती-ओहोटी एका दिवसात होते. घर आपल्या मुलीला जावं हे सांगण्याइतकं भान असलेल्या माणसाला जॉइंट डेव्हलपमेंटचा साठ पानी करार समजेलच असं नाही. दोन्हीला डॉक्टरच्या एकाच दाखल्याची ढाल पुढे करणं हा आपल्याकडचा नेहमीचा प्रकार.

दाखल्याचं बोलायचं तर मराठी माणसासाठी बेंगळुरूत आणखी एक अडचण आहे. स्मरणशक्तीची चाचणी भाषेतून होते. मेंदू आणि मनाच्या आजारांसाठीची निम्हान्ससारखी संस्था याच शहरात आहे, हे केवढं भाग्य. पण भारतीय भाषांसाठी भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने जो चाचणीसंच आधी बांधला तो हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड आणि मल्याळममध्ये होता. मराठी त्यात नव्हती. चाळीस वर्षं बाजारहाट कन्नडमध्ये केलेली बाई आजारात हळूहळू माहेरच्या बोलीकडे सरकते. नंतर शिकलेली भाषा पुष्कळदा आधी निसटते. तिला इंग्रजीत किंवा कन्नडमध्ये पाच शब्द लक्षात ठेवायला सांगितले तर ती आहे त्याहून जास्त हरवलेली दिसेल. उलटंही घडतं. हैदराबादमध्ये सुवर्णा अल्लाडी यांच्या गटाने 648 रुग्णांचा अभ्यास करून 2013 साली दाखवलं की एकाहून अधिक भाषा बोलणाऱ्यांत डिमेन्शियाची लक्षणं सरासरी साडेचार वर्षं उशिरा दिसतात. अशा माणसाचं गोड, सराईत बोलणं ऐकून पाहुणे म्हणतात, ‘काही नाही झालेलं हो काकूंना.’ म्हणून मृत्युपत्राआधी तपासणी करायची तर ती तिच्या भाषेत, तिच्या बऱ्या वेळेला आणि शक्यतो ज्याला त्या कागदातून काही मिळणार आहे तो खोलीबाहेर असताना करावी. ‘फिट अँड साउंड’ एवढं एका ओळीत खरडून देणाऱ्या डॉक्टरपेक्षा तिने दिलेली उत्तरं जशीच्या तशी लिहून ठेवणारा डॉक्टर पुढे दहापट उपयोगी पडतो.

संशयास्पद मृत्युपत्रांबद्दलचा आपल्याकडचा पायाभूत निकाल म्हैसूरकडच्याच एका घराचा आहे, आणि तो लिहिला आहे मराठी न्यायमूर्तींनी. एच. वेंकटाचल अय्यंगार विरुद्ध बी. एन. तिम्माजम्मा या खटल्यात 1958 साली प्र. बा. गजेंद्रगडकरांनी जे म्हटलं त्याचा आधार आजही देशातल्या कोर्टांत जवळजवळ रोज घेतला जातो. सही थरथरती असेल, करणाऱ्याचं मन दुबळं असेल, वाटणी अनैसर्गिक वाटत असेल, किंवा ज्याला मोठा लाभ होतो त्यानेच मृत्युपत्र करवून घेण्यात पुढाकार घेतला असेल, तर हे संशय दूर करण्याची जबाबदारी मृत्युपत्र पुढे करणाऱ्याची; न्यायाधीशाच्या मनाचं समाधान झालं पाहिजे. यातली शेवटची खूण मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. गाडी कोणी काढली, वकील कोणाच्या ओळखीचा, साक्षीदार कोणाचे मित्र, कचेरीत आईच्या शेजारी कोण बसलं होतं, हे सगळं विचारलं जातं. नोंदणी केली म्हणून ते पुसलं जात नाही. (गजेंद्रगडकरांच्या आत्मचरित्राचं नाव ‘टू द बेस्ट ऑफ माय मेमरी’ आहे. विषयाला इतकं शोभणारं नाव दुसऱ्या कोणा न्यायमूर्तींना सुचलं असेल असं वाटत नाही.)

बाळासाहेब ठाकरे यांच्या मृत्युपत्रावरून त्यांचे पुत्र जयदेव ठाकरे उच्च न्यायालयात गेले तेव्हाही वाद हाच होता, मृत्युपत्र करताना मन सक्षम होतं का. 2018 साली त्यांनी दावा मागे घेतला. तोवर एका घरातली आजारपणाची, औषधांची, कोण कधी खोलीत आलं याची चर्चा वर्तमानपत्रांतून सगळ्या महाराष्ट्राने वाचलेली होती. सामान्य घरातही हेच होतं, फक्त वाचणारे नातेवाईक असतात.

मृत्युपत्रापेक्षा मला बक्षीसपत्राची भीती जास्त वाटते. मृत्युपत्र माणूस असेतो बदलता येतं आणि तोपर्यंत त्याच्या डोक्यावरचं छप्पर जात नाही. बक्षीसपत्राने ते त्याच दिवशी जातं. घरातल्या घरात मुद्रांक शुल्क नाममात्र लागतं, म्हणून ‘नंतरची कटकट नको’ असं म्हणत ते करवून घेतलं जातं. ‘नटसम्राट’चा दाखला इथे हमखास दिला जातो, पण अप्पा बेलवलकरांनी जे दिलं ते शुद्धीवर असताना, स्वतःच्या मोठेपणात दिलं. इथे देणाऱ्याला आपण दिलं हेच दुसऱ्या दिवशी ठाऊक नसतं. 2007च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम 23प्रमाणे सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मिळकत सांभाळ न झाल्यास परत मिळू शकते. ही अट किती काटेकोरपणे सिद्ध व्हावी यावर सर्वोच्च न्यायालय 2022 साली कडक बोललं होतं. जानेवारी 2025मध्ये ऊर्मिला दीक्षित यांच्या खटल्यात त्याने कायद्याचा अर्थ ज्येष्ठांच्या बाजूने उदारपणे लावला. तरी बक्षीसपत्र करायचंच असेल तर सांभाळाची अट त्यात शब्दांत लिहावी. आई असेतो तिथेच राहील, हेही लिहावं.

परदेशातल्या मुलांचा आवडता कागद म्हणजे कुलमुखत्यारपत्र. ‘आईने मला पॉवर दिलीय’ असं थोरला निर्धास्तपणे सांगतो. त्याला हे कोणी सांगितलेलं नसतं की 1872च्या करार कायद्याप्रमाणे देणाऱ्याचं मन विकल झालं की मुखत्यारी संपते. ब्रिटन-अमेरिकेत पुढची विकलता गृहीत धरून टिकणारी मुखत्यारी करून ठेवता येते. आपल्याकडे ती सोय नाही. जेव्हा तिची खरी गरज लागते नेमका तेव्हाच हा कागद रद्दी होतो, आणि त्यावर सह्या करत राहणारा मुलगा नकळत स्वतःलाच गोत्यात आणतो. नॉमिनीचंही असंच. ‘कालनिर्णय’चे संस्थापक जयंत साळगावकर यांच्या वारसांमधला वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि डिसेंबर 2023मध्ये निकाल लागला की शेअर्सवर नॉमिनी म्हणून नाव असल्याने कोणी मालक होत नाही; मालकी उत्तराधिकाराच्या कायद्याने ठरते. नॉमिनी बदलून घेण्यासाठी आईला बँकेत व्हीलचेअरवरून नेणाऱ्यांनी हा निकाल वाचला असता तर तिची एक फेरी वाचली असती.

मग कायद्याने तिच्या पैशाचा कारभार करायचा कोणी? इथे आपल्या कायद्यात चक्क भगदाड आहे. 1987च्या मानसिक आरोग्य कायद्यात एक सबंध प्रकरण होतं. जिल्हा न्यायालय चौकशी करून मिळकतीवर व्यवस्थापक नेमू शकत असे. 29 मे 2018 रोजी 2017चा नवा कायदा लागू झाला, जुना गेला आणि ते प्रकरणही गेलं. नव्या कायद्यातला नामनिर्देशित प्रतिनिधी उपचारांपुरता असतो, बँकेत त्याचा उपयोग नाही. 1999चा राष्ट्रीय न्यास कायदा ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता यांच्यासाठी आहे. 1890चा पालकत्वाचा कायदा अज्ञान मुलांसाठी. अपंग हक्कांच्या 2016च्या कायद्यात ‘मर्यादित पालकत्व’ आहे, पण त्यात मुळात त्या व्यक्तीच्या सल्ल्याने निर्णय घेणं अपेक्षित आहे. त्यामुळे लोक राज्यघटनेच्या अनुच्छेद 226खाली उच्च न्यायालयात जातात. केरळ उच्च न्यायालयाने 2019 साली शोभा गोपालकृष्णन प्रकरणात बेशुद्धावस्थेतल्या रुग्णांसाठी पालक कसा नेमावा याची मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली आणि तिथून पुढे इतरत्रही तो रस्ता वापरला जातो. आईच्या मुदतठेवीतून तिच्याच आयाचा पगार काढता यावा म्हणून रिट याचिका करावी लागते, ही व्यवस्था कोणाला शोभणारी नाही, आणि 2017चा कायदा लिहिणाऱ्यांनी हे प्रकरण वगळताना काय विचार केला होता हे मला अजून उमगलेलं नाही.

या सगळ्यात जिच्याबद्दल कायदा अवाक्षर काढत नाही ती म्हणजे सांभाळणारी. बहुधा मुलगी किंवा सून. आईचं एटीएम कार्ड तिच्याकडे असतं, कारण डायपर, औषधं आणि आयाचा पगार तिलाच भागवायचा असतो. आणि कार्ड तिच्याकडे असतं म्हणूनच संशयही तिच्यावर येतो. आजारातला एक ठरलेला भ्रम म्हणजे ‘माझ्या बांगड्या चोरल्या’. आई हे वर्षातून एकदा येणाऱ्या मुलाला सांगते आणि त्याला ते पुराव्यासारखं ऐकू येतं. ‘वहिनीने तुला काय सांगितलंय?’ या प्रश्नाने रात्री-अपरात्री उठणाऱ्या वहिनीचा उरलासुरला धीर खचतो. तिच्या दहा वर्षांच्या श्रमाला वाटणीत एक पैचाही वेगळा वाटा नाही, आईने मृत्युपत्रात दिला तरच. आणि दिला, की तीच ‘पुढाकार घेणारी लाभार्थी’ ठरते! या कोंडीवर एकच उतारा मला दिसतो आणि तो रुक्ष आहे. आईच्या खर्चाचं वेगळं खातं, त्याचं विवरण दरमहा सर्व भावंडांना, रोख खर्चाची वही, दागिन्यांची फोटोसकट यादी करून लॉकरमध्ये. सांभाळणारीला ठरवून महिना मानधन द्यावं आणि ते सर्वांनी लेखी मान्य करावं. आपल्या लोकांना हे हिशेबी वाटतं. हिशेब ठेवणारा नंतर भांडणात सगळ्यात कमी बोलतो, हेही तितकंच खरं.

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘अस्तु’ हा चित्रपट इथे आठवतो. मोहन आगाशे यांचे संस्कृत पंडित चक्रपाणी शास्त्री हत्तीच्या मागे निघून जातात आणि माहुताच्या घरात त्यांना सांभाळते कन्नड बोलणारी चन्नम्मा. अमृता सुभाष यांना या भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. शास्त्रीबुवांच्या मिळकतीत, नावात, पांडित्यात चन्नम्माला काहीही घेणं नाही, म्हणून तिला ते सरळ दिसतात. जे. पी. नगरच्या घरांत आज ही चन्नम्मा एजन्सीतून बारा तासांच्या पाळीवर येते. ती काय पाहते, आई कधी रडली, कोण येऊन गेल्यावर जेवली नाही, हे कोणी विचारत नाही. तिला विचारावं.

फसवणुकीचा किंवा छळाचा वास आला तर बेंगळुरूत नाइटिंगेल्स मेडिकल ट्रस्ट आणि शहर पोलिसांनी चालवलेली ज्येष्ठांसाठीची 1090 ही हेल्पलाइन आहे, देशभराची 14567 आहे. समोर आलेला माणूस भानावर दिसत नसेल तर सब-रजिस्ट्रारने नोंदणी नाकारलीच पाहिजे असं 1908चा नोंदणी कायदा सांगतो. आणि जिच्याकडे अजून चांगले दिवस उरले आहेत तिला आपलं मृत्युपत्र लखोट्यात बंद करून जिल्हा निबंधकाकडे ठेवता येतं, घरातल्या कोणत्याही कपाटापासून दूर.

तरीही दावा लागलाच, एका भावंडाने वाटणीसाठी आईलाच प्रतिवादी केलं, तर दिवाणी प्रक्रिया संहितेची बत्तिसावी ऑर्डर उघडावी. तिच्या पंधराव्या नियमाप्रमाणे स्वतःचं हित जपू न शकणाऱ्या माणसासाठी कोर्ट चौकशी करून पालक नेमतं, आणि ज्याचा स्वार्थ तिच्या स्वार्थाविरुद्ध जातो त्याला ती जागा मिळत नाही. म्हणजे भांडणारी मुलं बहुतेक बाद. त्या चौकशीत आईशी मराठीत बोललं जावं, दुभाषी द्यावा, असा अर्ज वकिलाला पहिल्या तारखेलाच करायला सांगावा. सातवा नियम त्याहून कामाचा आहे. भावंडांची आपसात तडजोड झाली, बिल्डर ठरला, टक्के ठरले, सगळ्यांनी हसत सह्या केल्या, तरी कोर्टाच्या परवानगीवाचून ती तडजोड आईवर बंधनकारक होत नाही. आणि परवानगी देण्याआधी घर पाडल्यावर ती कुठे राहणार, आयाचा पगार कशातून जाणार, हे न्यायाधीशाला विचारावं लागतं.